कीर्ती आणि कस : दोन प्रसिद्ध चित्रांच्या निमित्ताने

१

प्रसिद्ध चित्रांविषयी सुशिक्षित समाजात जी मते ऐकू येतात, त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील मते आदराची असतात. चित्र जगन्मान्य आहे, चित्रकार थोर आहे, तेव्हा चित्रही थोर असलेच पाहिजे. ते आपल्याला भावले नाही तर उणीव आपल्या जाणकारीत आहे, असा या आदराचा हिशेब असतो. दुसऱ्या वर्गातील मते उपहासाची असतात. हातभर उंचीची एक फळी, तीवर सामान्य रूपाची एक स्त्री, आणि तिच्यासाठी एवढा गाजावाजा. हे सारे थोतांड होय, असा निकाल ही मते देऊन टाकतात. पहिले मत परावलंबी आणि दुसरे स्वतंत्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः दोन्ही मते सारखीच परावलंबी आहेत. अप्रसिद्ध चित्राला सामान्य ठरविण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. उपहास करणाराही चित्राच्या कीर्तीशीच बोलत असतो; चित्रापाशी तो अद्याप पोहोचलेला नसतो.

या दोन मतांना कंटाळून पुष्कळजण तिसऱ्या मताचा आश्रय घेतात. ज्याची त्याची आवड, असे म्हणून ते वाद मिटवतात. रुची भिन्न असतात हे निर्विवाद आहे. परंतु रुचीच्या भिन्नतेपाशी विचार थांबवला, तर समीक्षेला काही कार्यच उरत नाही आणि कलेच्या अध्यापनालाही उरत नाही. विद्यापीठातील साहित्याच्या विद्यार्थ्याची चित्रकलेशी ओळख बहुधा पुस्तकातील छापील प्रतींच्या द्वारे होते. या ओळखीच्या बळावर परंपरेने दिलेला निर्णय पाठ करणे आणि सर्व निर्णय सारखेच असे मानून मोकळे होणे, असे दोनच मार्ग त्याच्यापुढे राहिले, तर त्याच्या ठिकाणी अभिरुची घडण्याचा संभव फार थोडा. म्हणून एखाद्या चित्राला मिळालेली कीर्ती त्याला शोभते की नाही, हा प्रश्न वरवर गप्पांचा वाटला, तरी समीक्षेच्या दृष्टीने तो मूलगामी आहे.

या प्रश्नाची उकल करण्यासाठी कीर्ती आणि कस या दोन गोष्टी प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. कीर्ती ही चित्राच्या बाबतीत घडलेली घटना असते. तिला कारणे असतात, तारखा असतात, तिचा इतिहास सांगता येतो. कस हा चित्राच्या ठिकाणी असतो. तो इतिहासाने सिद्ध होत नाही. चित्रातील रेषा, छटा आणि रचना यांकडे बोट दाखवून, आणि शक्य तेथे तुल्य चित्राशी तुलना करून, तो दाखवून द्यावा लागतो. लिओनार्दो दा विंची याची 'मोना लिसा' आणि राजा रविवर्मा यांची दुष्यंताकडे वळून पाहणारी 'शकुंतला' ही दोन चित्रे या परीक्षेसाठी विशेष सोयीची आहेत. पहिल्याची कीर्ती मूळ चित्र एकमेव असल्यामुळे वाढली. दुसऱ्याची कीर्ती त्याच्या छापील प्रती घरोघर गेल्यामुळे वाढली.

२

'मोना लिसा'च्या कीर्तीचे दोन थर आहेत आणि ते सहसा एकमेकांत मिसळले जातात. पहिला थर कारागिरांमधील कीर्तीचा. फ्लॉरेन्समधील रेशमाचे व्यापारी फ्रांचेस्को देल जोकोंदो यांची पत्नी लिसा हिचे हे व्यक्तिचित्र लिओनार्दोने १५०३ च्या सुमारास हाती घेतले. तो त्या काळी या चित्रावर काम करीत होता, याला त्याच वर्षी एका ग्रंथाच्या समासात लिहिलेल्या टिपणाचा आधार आहे. हे टिपण हायडेलबर्ग येथे २००५ मध्ये उजेडात आले. चित्र पूर्णत्वाला जाण्यापूर्वीच तरुण राफाएलने या बैठकीचे अनुकरण केले. कंबरेपर्यंतची आकृती, किंचित वळलेले धड आणि एकमेकांवर टेकलेले हात ही रचना त्याच्या माद्दालेना दोनी हिच्या व्यक्तिचित्रात स्पष्ट ओळखू येते. चित्र लोकांना ठाऊक होण्यापूर्वी ते चित्रकारांनी मानले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा थर लोकांमधील कीर्तीचा. तो पुष्कळ उशिराचा आहे. लिओनार्दो १५१६ मध्ये फ्रान्सला गेला, १५१९ मध्ये तेथेच वारला, आणि चित्र फ्रान्सच्या राजसंग्रहात जमा झाले. १५५० मध्ये वासारीने आपल्या चरित्रग्रंथात या चित्राची मोठी स्तुती केली आणि विशेषेकरून भुवयांच्या केसांचे वर्णन केले. आज चित्रात भुवया जवळजवळ दिसत नाहीत, आणि चित्र फ्रान्समध्ये असल्याने वासारीने ते स्वतः पाहिले असण्याचा संभव कमी आहे. म्हणजे या चित्राच्या लिखित कीर्तीचा आरंभच बहुधा ऐकीव वर्णनाने झाला. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच स्वच्छंदतावादी लेखकांना या मुखावर गूढता दिसू लागली, आणि १८६९ मध्ये वॉल्टर पेटर या इंग्रज समीक्षकाने लिओनार्दोवरील निबंधात या स्त्रीला युगायुगांचा अनुभव पचविलेल्या आदिस्त्रीचे रूप दिले. पेटरचा तो परिच्छेद इंग्रजी गद्याचा उत्तम नमुना आहे यात शंका नाही. तथापि त्यानंतर येणारा प्रेक्षक चित्रात पेटरचे शब्द शोधू लागला, हेही तितकेच खरे आहे.

यानंतरची घटना कलेबाहेरची आहे. २१ ऑगस्ट १९११ रोजी विंचेन्झो पेरुज्जा या इटालियन कामगाराने लूव्र संग्रहालयातून हे चित्र पळविले. पुढे संग्रहालय उघडल्यावर चित्राची रिकामी जागा पाहण्यासाठी लोक रांगा लावू लागले. देशोदेशींच्या वृत्तपत्रांतून चित्राची छायाचित्रे छापली गेली, आणि ज्यांनी लूव्रचे नावही ऐकले नव्हते त्यांना हे मुख परिचयाचे झाले. १९१३ च्या डिसेंबरात चित्र फ्लॉरेन्समध्ये सापडले आणि १९१४ च्या जानेवारीत पॅरिसला परत आले. १९१९ मध्ये मार्सेल द्युशाँ याने त्याच्या एका स्वस्त छापील प्रतीवर मिशा आणि दाढी काढली. विडंबनासाठी हेच चित्र निवडावे, याचा अर्थच असा की ते ओळखण्यासाठी आता कोणालाही पाहावे लागत नव्हते. १९६३ मध्ये अमेरिकेत आणि १९७४ मध्ये जपान व रशियात चित्राचे दौरे झाले, तेव्हा त्याला राजदूताचा मान मिळाला. डोनल्ड ससून या इतिहासकाराने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कीर्तीची जडणघडण तपशिलाने मांडली आहे.

हा इतिहास वाचून उपहास करणारे विजयी मुद्रा धारण करतात. चोरी झाली नसती तर या चित्राला कोणी विचारले नसते, असा निष्कर्ष ते काढतात. हा निष्कर्ष सदोष आहे. कीर्तीची कारणे चित्राबाहेरची आहेत, एवढेच त्या इतिहासाने सिद्ध होते. चित्रात कस नाही, हे त्याने सिद्ध होत नाही. एखाद्या माणसाला वारसाहक्काने संपत्ती मिळाली, एवढ्यावरून तो कर्तृत्वहीन ठरत नाही. त्याचे कर्तृत्व वेगळे तपासावे लागते.

३

कसाच्या तपासाकडे वळण्यापूर्वी एक शंका दूर केली पाहिजे. कस म्हणून जो भासतो तो निव्वळ सवयीचा परिणाम तर नसेल? पुनःपुन्हा पाहिलेली वस्तू प्रिय वाटू लागते, हा मानसशास्त्राला परिचित असलेला नियम आहे. जेम्स कटिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो चित्रांना लावून पाहिला. गुस्ताव कायबोत हा स्वतः चित्रकार आणि आपल्या चित्रकार मित्रांचा आश्रयदाता होता. १८९४ मध्ये तो वारला तेव्हा त्याने आपला संग्रह फ्रेंच सरकारच्या नावे केला, आणि वादविवादानंतर सरकारने त्यातील काही भाग स्वीकारून १८९७ मध्ये प्रदर्शित केला. माने, मोने, रन्वार, देगा, सेझान, पिसारो आणि सिस्ले यांची जी चित्रे या मार्गाने सरकारी संग्रहात गेली, ती पुस्तकांतून वारंवार छापली जाऊ लागली. कटिंगच्या २००३ मधील निबंधाचा आशय असा, की लोकांची आवड चित्राच्या छापील आवृत्तींच्या संख्येच्या मागोमाग जाते. आणि वर्गात कमी परिचित चित्रे मुद्दाम अधिक वेळा दाखविली, तर आवडीतील हा फरक मावळतो.

या प्रयोगाने पुष्कळांची अशी समजूत झाली, की कलेतील मान्यतेची सारी परंपरा सवयीने निर्माण केली आहे. परंतु त्यानंतर दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, ॲरन मेस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रयोगाला एक अर्थपूर्ण जोड दिली. त्यांनी जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराची चित्रे आणि टॉमस किंकेड या लोकप्रिय अमेरिकन चित्रकाराची गोडगुलाबी निसर्गचित्रे विद्यार्थ्यांना वारंवार दाखविली. किंकेडची चित्रे जितक्या अधिक वेळा पाहिली गेली तितकी ती कमी आवडू लागली. मिलेच्या चित्रांबाबत तशी घसरण आढळली नाही. सवय सर्व चित्रांवर सारखेच संस्कार करीत असती, तर हा भेद दिसला नसता. एका प्रयोगावर सिद्धान्ताची इमारत उभारणे उचित नाही. पण त्यातून निघणारी सूचना समीक्षेला उपयोगाची आहे. परिचयाने काही चित्रे उजळतात आणि काही विटतात. म्हणून पहिल्या भेटीतील आवड अथवा नावड ही साक्ष दुबळी मानावी, आणि दीर्घ परिचयानंतर चित्रात काय शिल्लक राहते, ते पाहावे.

४

'मोना लिसा'च्या बाबतीत अशा परीक्षेची दुर्मिळ सोय उपलब्ध आहे. माद्रिद येथील प्रादो संग्रहालयात याच चित्राची एक जुनी प्रत आहे. तिची पार्श्वभूमी दीर्घकाळ काळ्या रंगाने झाकलेली होती. तो रंग उतरविल्यावर २०१२ मध्ये प्रत पुन्हा प्रदर्शित झाली, आणि तिच्या खालील रेखाटनाच्या तपासणीवरून असे दिसून आले, की ती लिओनार्दोच्या चित्रशाळेत, मूळ चित्राचे काम चालू असतानाच, त्याच्या कोणा शिष्याने रंगविली असावी. मूळ चित्रात गुरूने केलेले फेरबदल प्रतीतही पाठोपाठ केलेले आढळतात. स्त्री तीच, बैठक तीच, मागील वळणाची वाट आणि खडकाळ प्रदेशही तेच. शिवाय प्रतीचे रंग ताजे आहेत, भुवया दिसतात, बाह्यांवरील तांबडा रंग झळकतो. ज्याला केवळ सुंदर स्त्रीचे चित्र हवे असेल तो माद्रिदची प्रत पसंत करील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

तरीही दोन्ही चित्रे पुनःपुन्हा पाहिल्यास प्रत लवकर संपते. तिच्यातील मुख ओळखता येते, आवडते, आणि मग तिथून आणखी काही मिळत नाही. याचे कारण कडांमध्ये आहे. शिष्याने ओठांची कड, पापण्यांची कड आणि गालाची कड निश्चित केली आहे. त्यामुळे स्मितही निश्चित झाले आहे. लिओनार्दोने या कडा पुसून टाकल्या आहेत. पारदर्शक रंगाचे अतिशय पातळ थर एकावर एक देऊन त्याने उजेडाचे सावलीत रूपांतर होण्याची क्रिया इतकी संथ केली आहे, की सावली नेमकी कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. २०१० मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने झालेल्या तपासणीत यांतील एकेक थर मिलिमीटरच्या शतांशाहूनही पातळ असल्याचे आढळले. मुखावरचा भाव मुख्यतः ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत वाचला जातो. नेमके तेच कोपरे येथे सावलीत विरलेले आहेत. त्यामुळे स्मित आहे की नाही, हा निर्णय चित्र देत नाही. तो प्रेक्षकाला प्रत्येक वेळी करावा लागतो. मागील निसर्गातही हीच योजना आहे. डावीकडची क्षितिजरेषा उजवीकडच्यापेक्षा खाली आहे, आणि दृष्टी एका बाजूकडून दुसरीकडे जाताना आकृतीची उंची बदलल्याचा भास होतो.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर प्रादोच्या प्रतीतील स्मित वाच्य आहे आणि लूव्रमधील चित्रात ते व्यंग्य आहे. परिभाषा शब्दार्थासाठी घडलेली आहे, ती रंगांना लावताना सावधगिरी हवी हे मान्य करूनही, या भेदाला यापेक्षा नेमके नाव नाही. यावरून निर्णय असा निघतो. 'मोना लिसा'चा कस खरा आहे. मात्र तो पेटरने सांगितलेल्या युगायुगांच्या रहस्यात नाही. स्मितामागे काही गुपित दडले आहे आणि ते शोधून काढायचे आहे, ही कल्पना चित्राला कोडे बनविते, आणि कोडे सुटले की संपते. तो कस एका तंत्राच्या पूर्णत्वात आहे. ते तंत्र भावाला निश्चित होऊ देत नाही. त्याच वेळी हेही म्हटले पाहिजे, की जगातील सर्व चित्रांत अग्रस्थान देण्याइतका तो कस एकमेवाद्वितीय नाही. त्याच संग्रहालयातील लिओनार्दोच्या 'सेंट ॲन'च्या चित्रात तीन मानवी आकृती आणि एक कोकरू यांची जी गुंफण साधली आहे, ती रचनेच्या दृष्टीने अधिक अवघड कामगिरी होय. कीर्तीचा आकडा आणि कसाचा आकडा यांत अंतर आहे. पण दुसरा आकडा शून्य नाही.

५

एकमेव मूळ चित्राच्या कीर्तीकडून छापील प्रतींच्या कीर्तीकडे वळले, म्हणजे प्रश्नाची दुसरी बाजू दिसते, आणि ती मराठी वाचकाच्या घराजवळची आहे. किळिमानूर येथे १८४८ मध्ये जन्मलेल्या राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिलामुद्रणालय सुरू केले. पुढे ते लोणावळ्यानजीक मळवली येथे गेले. चित्रातील प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून, एकाच कागदावर ते रंग क्रमाने उठवून, तैलचित्राचा आभास देणाऱ्या प्रती तेथे छापल्या जात. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला या प्रतींच्या रूपाने घरांत शिरल्या, देवघरात आणि दिवाणखान्यात टांगल्या गेल्या, आणि पुढच्या पिढ्यांना देवतांचे रूप हेच असते असे वाटू लागले. चित्रकाराच्या हयातीतच एवढा लोकसंग्रह आपल्याकडे क्वचितच कोणाला लाभला असेल.

याच लोकप्रियतेने चित्रकाराची हानीही केली. १९०६ मध्ये रविवर्मा वारले. त्यानंतर लगेच भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. निवेदितांना भूमीवर पालथे पडून पत्र लिहिणारी शकुंतला औचित्याला सोडून वाटली. कुमारस्वामींना पौराणिक विषयांची ही हाताळणी नाटकी आणि कल्पनाशून्य वाटली. बंगालमधील नव्या चित्रसंप्रदायाने आपली वाट रविवर्म्यांच्या विरोधात आखली, आणि पुढे कित्येक दशके 'कॅलेंडरी' हे विशेषण त्यांच्या सर्व कृतींना सरसकट लावले गेले. १९९३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरलेल्या प्रदर्शनानंतर वारे पुन्हा फिरले, आणि आज त्यांच्या चित्रांचा गौरव करणे हीच रूढी झाली आहे.

या चढउतारात एक मूलभूत चूक वारंवार होत आली. शिलामुद्रणात मधल्या छटा गळून पडतात. कातडीवरचा सौम्य प्रकाश सपाट होतो, वस्त्रांच्या घड्या कडक होतात, आणि चित्राचा कथाभाग तेवढा शाबूत राहतो. लोकांनी प्रेम केले ते या कथाभागावर, आणि टीकाकारांचा रोषही पुष्कळदा त्यावरच होता. मूळ कॅनव्हासावरील रंगांचा विचार दोन्ही पक्षांनी कमी केला. तेव्हा रविवर्म्यांचा कस ठरविताना छापील प्रत बाजूस ठेवून मूळ चित्राशी बोलले पाहिजे. मात्र तसे केल्यानंतरही निर्णय सर्वस्वी अनुकूलच होईल, असे गृहीत धरता येत नाही.

६

त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा कलादालनातील 'शकुंतला' हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. एका सखीच्या खांद्यावर हात टेकून, पायातला काटा काढण्याचे निमित्त करून, शकुंतला मान वळवून मागे पाहते आहे. तिची दृष्टी चौकटीबाहेर जाते. दुष्यंत चित्रात नाही. तो असावा हे प्रेक्षकाने नाटकावरून जाणायचे. रंगकर्म निपुण आहे, वस्त्रांचे भान उत्तम आहे, आकृती वनाच्या पार्श्वभूमीवर स्वच्छ उठून दिसतात. येथपर्यंत चित्राची कीर्ती न्याय्य आहे.

आता कालिदासाने हा प्रसंग कसा योजला आहे ते पाहावे. पहिल्या अंकाच्या शेवटी आश्रमकन्या निघून जात असता दर्भ रुतल्याचे आणि वल्कल फांदीत अडकल्याचे निमित्त करून शकुंतला क्षणभर रेंगाळते. प्रेक्षकाला ते निमित्त कळते. पण कवी तेथे थांबत नाही. दुसऱ्या अंकात दुष्यंत तोच प्रसंग विदूषकाला स्मरणातून सांगतो, आणि त्यापूर्वीच त्याने स्वतःला चिमटा काढलेला असतो, की प्रेमात पडलेला मनुष्य प्रियेच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ स्वतःकडे ओढून घेतो. म्हणजे प्रेक्षकाला जे ठाऊक आहे त्याविषयी राजा साशंक आहे. या शंकेत प्रसंगाचे सारे माधुर्य आहे. चित्रात ही शंका उरलेली नाही. काटा नाही हे उघड, बहाणा आहे हे उघड, आणि सखींना तो कळला आहे हेही उघड. जे कालिदासात सूचित आहे ते येथे वाच्य झाले आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल, की ही कसोटी साहित्याची आहे, चित्रकलेची नव्हे. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य तिच्या माध्यमातील घटकांच्या लयबद्ध संघटनेत पाहिले, आणि संवाद, विरोध व समतोल हे त्या लयीचे नियम मानले. त्या भूमिकेवरून कालिदासाचा दाखला चित्राच्या मूल्यमापनात अप्रस्तुत ठरेल. आक्षेप वजनदार आहे. परंतु जे चित्र आपला अर्थच नाटकावर सोपवते, त्याच्या बाबतीत नाटक सर्वस्वी बाहेरचे राहत नाही. शिवाय हा दोष माध्यमाच्या पातळीवरही दाखविता येतो. उचललेला पाय, वळलेली मान आणि खांद्यावरचा हात या तिन्ही रेषा एकच गोष्ट सांगतात. त्यांच्यात विरोध नाही, म्हणून ताणही नाही. शरीर क्षणभर थांबलेले वाटत नाही. ते तसे उभे करून ठेवलेले वाटते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'ने ही कथा मराठी रंगभूमीवर आणली होती. रंगमंचावरील पात्राला दूरच्या प्रेक्षकासाठी अभिनय ठसठशीत करावा लागतो, हे नाट्यरसिकाला ठाऊक असते. जवळून पाहण्याच्या चित्रात तोच ठसठशीतपणा जड होतो. कुमारस्वामींच्या टीकेतील 'नाटकी' हा शब्द या एका चित्रापुरता तरी अन्यायाचा म्हणता येत नाही.

परंतु या निर्णयाने रविवर्म्यांविषयीचा निर्णय होत नाही. त्यांच्याच १८९३ च्या एका चित्राशी तुलना केल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. 'बाबा आले' अशा अर्थाचे इंग्रजी शीर्षक असलेल्या या चित्रात त्यांची कन्या महाप्रभा आपल्या मुलाला घेऊन उभी आहे. पायाशी कुत्रा आहे. ती येणाऱ्या पित्याकडे मुलाचे लक्ष वेधते आहे. येथेही दृष्टी चौकटीबाहेर जाते, येथेही ज्याची वाट पाहिली जात आहे तो पुरुष चित्रात नाही. रचनेची कल्पना तीच. परिणाम मात्र निराळा. येथे कोणी बहाणा करीत नाही, म्हणून तो उघड करून दाखविण्याचीही गरज नाही. मुलाचा भार आईच्या देहाने ज्या सहजतेने पेलला आहे, तीत घरातल्या नेहमीच्या सवयीचा प्रत्यय येतो. पाठांतरातले कोणतेही काव्य प्रेक्षकाच्या मदतीला नाही आणि ते लागतही नाही. येणाऱ्या माणसाविषयी चित्र काही सांगत नाही. तो येईपर्यंतचा काळ तेवढा ते धरून ठेवते. देवघरात आणि दिवाणखान्यात शकुंतलेला जे स्थान मिळाले ते या चित्राला मिळाले नाही, आणि ते मिळण्याजोगे नव्हतेही, कारण त्यात ओळखीची कथा नाही. तरीही रविवर्म्यांच्या कर्तृत्वाचा कस याच चित्रात अधिक लागतो.

७

या दोन परीक्षांतून जे हाती लागते ते असे. कीर्ती ही चित्रातील अशा अंशाला धरून वाढते, जो चित्रापासून सुटा करून नेता येतो. 'मोना लिसा'चे गूढ शब्दांत नेता आले, म्हणून ते पेटरच्या गद्यातून आणि वृत्तपत्रांतून जगभर गेले. 'शकुंतले'ची कथा शिळाछापाच्या कागदावर नेता आली, म्हणून ती घरोघर गेली. कस मात्र अशा अंशात असतो, जो सुटा होत नाही. विरलेली कड छापील प्रतीत अर्धीच उतरते. कडेवरच्या मुलाचा भार वर्णनात उतरत नाही. त्यामुळे कीर्ती आणि कस यांच्यात तफावत पडणे हा अपघात नसून तो दोहोंच्या स्वभावाचा परिणाम आहे. 'मोना लिसा'त हे दोन्ही अंश एकत्र नांदतात, म्हणून ती अतिप्रसिद्ध असूनही टिकते. 'शकुंतले'त पहिला अंश दुसऱ्याला झाकून टाकतो.

यातून अभ्यासकाला एक व्यावहारिक शिस्तही मिळते. प्रसिद्ध चित्राविषयी मत देण्यापूर्वी त्याने प्रथम त्या चित्राच्या कीर्तीची हकीकत जाणून घ्यावी आणि ती बाजूस ठेवावी. मग त्याच चित्रकाराचे अथवा त्याच विषयाचे कमी प्रसिद्ध चित्र शेजारी ठेवून दोन्ही पुनःपुन्हा पाहावीत. छापील प्रतीवरून मत द्यावे लागत असेल तर ते प्रतीविषयीचे मत आहे, हे स्पष्ट नमूद करावे. एवढे केल्यावर चित्र आवडले नाही, असे म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. फक्त कोणत्या रेषेपाशी आवड थांबली, ते त्याने दाखवून दिले पाहिजे. ते दाखविता आले तर त्याचे मत चुकीचे ठरले तरी समीक्षेच्या कामी येते, कारण दुसऱ्याला त्याच रेषेपाशी जाऊन उत्तर देता येते. ते दाखविता आले नाही, तर आदर आणि उपहास या दोहोंना सारखाच अर्थ उरतो, आणि चित्र मात्र न पाहिलेलेच राहते.